इन्स्ट्रुमेंट अप्रोचचा सराव आणि एटीसीचं 'अनेबल'

सांजवारा

इथे उडणारी मंडळी बरीच आहेत असं जुन्या धाग्यांवरून दिसतं, म्हणून विचारते. खासगी पायलटचं लायसन्स झालं, आता इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या मागे लागले आहे. सॅन फ्रान्सिस्को बे एरिया, सेसना १७२, परीक्षा तोंडावर.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी: ढगात शिरलं की बाहेरचं काही दिसत नाही आणि शरीराला वर कुठे, खाली कुठे हेही कळेनासं होतं. अशा वेळी फक्त पॅनेलकडे बघून, ठरलेल्या वाटेने आणि ठरलेल्या उंच्या पाळत धावपट्टीपर्यंत खाली येणं म्हणजे इन्स्ट्रुमेंट अप्रोच. शिकताना हवा बहुतेक स्वच्छच असते. विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर फॉगल्स, त्यातून पॅनेलपुरतंच दिसतं. बाहेर बघायचं काम शेजारच्या प्रशिक्षकाचं. अमेरिकेत या रेटिंगला इन्स्ट्रुमेंटवरचे ४० तास लागतात, त्यातले १५ इन्स्ट्रुमेंट प्रशिक्षकाबरोबर. शिवाय २५० नॉटिकल मैलांचा एक प्रवास, त्यात प्रत्येक विमानतळावर अप्रोच आणि एकूण तीन वेगवेगळ्या प्रकारचे अप्रोच. रेटिंग मिळाल्यावरही सुटका नाही. मागच्या सहा महिन्यांत सहा अप्रोच झालेले नसतील तर ढगात जाता येत नाही.

अडचण अशी की हा सराव करायला अप्रोच कंट्रोलकडे (एटीसीचा, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाचा, विमानतळाभोवतालची विमानं रडारवर सांभाळणारा विभाग) जावं तर हल्ली बऱ्याचदा उत्तर येतं, "अनेबल प्रॅक्टिस अप्रोचेस." म्हणजे सरावाचे अप्रोच जमणार नाहीत. कधी परवानगी मिळते पण वर "मेंटेन व्हीएफआर, नो सेपरेशन सर्व्हिसेस". म्हणजे या, पण व्हीएफआरमध्ये (बाहेर बघून उडण्याच्या नियमांत) राहा आणि दुसऱ्या विमानांपासून तुमचं तुम्ही सांभाळा. कधी रांगेत घेतात आणि मग भलतीकडे वळवून फिरवत ठेवतात. विमान आणि प्रशिक्षक धरून तासाला अडीच-तीनशे डॉलर जातात हो! असं सरळ नाकारता येतं का? आयएफआर (इन्स्ट्रुमेंटवर उडण्याच्या नियमांखालचा) फ्लाइट प्लॅन भरला तर फरक पडतो का? आणि तुम्ही सगळे जाता तरी कुठे?

उंटावरचा_शहाणा

नाकारता येतं म्हणजे काय, नाकारतातच की. इंधनावर कर आपण भरायचा आणि वर यांची मनधरणी करायची. एअरलाइनला लाल गालिचा, आपल्याला ठेंगा. नाव-गाव टिपून तक्रार करा.

टोमॅटो_फ्लेम

शहाणे, जरा दमानं. (मी प्रशिक्षक आहे, शनिवार-रविवार शिकवतो. पोटासाठी कोड लिहितो.)

कंट्रोलर ज्या पुस्तकाने काम करतात त्या ७११०.६५ मध्ये चौथ्या प्रकरणात सरावाच्या अप्रोचवर एक परिच्छेदच आहे. त्याचा मतितार्थ असा: सरावामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या इतर विमानांचा ओघ अडता कामा नये. मग ती इतर विमानं आयएफआर असोत की व्हीएफआर, आणि सरावही कुठल्याही नियमाखाली चालू असो. रहदारी बघून परवानगी द्यावी, दिलेली काढून घ्यावी किंवा मुळात देऊच नये. चालू असलेला अप्रोच मात्र सहसा मधेच तोडू नये. तेव्हा सांजवारा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर "हो, सरळ नाकारता येतं".

पण त्याच परिच्छेदाखाली एक टीप आहे, ती लोक वाचत नाहीत. इतर विमानांना दिलेलं हे प्राधान्य इतकं ताठरपणे लावू नये की एकंदर कामाचाच विचका होईल, असं तिथे म्हटलंय. पायलटसाठीच्या मार्गदर्शिकेतही हेच जवळपास त्याच शब्दांत आहे. म्हणजे वीस मैलांत एकही विमान नसताना "नाही" म्हणणं त्या टीपेत बसत नाही. फक्त वीस मैलांत कोणी नाही हे तुम्हाला तुमच्या टॅब्लेटवर दिसतं. कंट्रोलरला त्यापुढचंही दिसत असतं.

आणखी एक, हे विद्यार्थ्यांना फार उशिरा कळतं. व्हीएफआरमध्ये सराव करत असाल तर अप्रोचची परवानगी मिळाली म्हणजे मिस्ड अप्रोचची, म्हणजे न उतरता परत वर चढून जाण्याची, मिळाली असं नाही. ती वेगळी मागायची आणि वेगळी मिळवायची. छापील नकाशावर मिस्ड अप्रोच लिहिलाय म्हणून वर चढून होल्डिंगकडे (घिरट्या घालत थांबायच्या जागेकडे) निघालात तर समोरून सुटलेल्या विमानाच्या वाटेत जाल.

परड्यातला_पेरू

मला विमानातलं फक्त खिडकीची सीट आणि उपमा एवढंच कळतं, पण वाचतोय. पुभाप्र.

स्कोप_डोप

बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहितोच. एका ट्रॅकॉनमध्ये (अप्रोच कंट्रोलच्या रडार केंद्रात) काम करतो, कुठल्या ते सांगत नाही. जन्म इथलाच, आई-बाबा ठाण्याचे, तेव्हा मराठी सांभाळून घ्या.

लाल गालिचाचं सोडा, हिशेब बघा. शेवटच्या टप्प्यात सेसना ९० नॉट्सने (तासाला ९० नॉटिकल मैल) येते, ७३७ साधारण १४० ने. समजा ७३७ ची रांग लागलीय, मधे तीन-तीन मैल. म्हणजे दर सव्वा मिनिटाला एक विमान टेकतंय. आता त्यात तुम्हाला बसवायचं आहे. पुढचं ७३७ हवेत भोवरे सोडून जातं, म्हणून ते टेकतं तेव्हा तुम्ही किमान चार मैल मागे हवेत. चार मैल ९० ने म्हणजे दोन मिनिटं चाळीस सेकंद. तुम्ही टेकता तेव्हा तुमच्या मागचं ७३७ तीन मैलांवर, म्हणजे त्याचं सव्वा मिनिट. दोन ७३७ च्या मधे झाली चार मिनिटं. तुम्ही नसतात तर तेवढ्यात मधे आणखी दोन ७३७ उतरली असती.

हे झालं धावपट्टीच्या टोकाशी. दहा मैलांवर तुम्ही वळता तेव्हा मागचं ७३७ मला साडेआठ मैलांहून जास्त मागे ठेवावं लागतं, कारण तुम्ही टेकेपर्यंत ते त्यातले साडेपाच मैल भरून काढतं. ती जागा मला तुम्ही येण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी तयार करावी लागते. तुम्ही रेडिओवर येऊन "आत्ता आयएलएस मिळेल का" विचारता तेव्हा ती वेळ गेलेली असते. (आयएलएस म्हणजे जमिनीवरच्या यंत्रणेच्या रेडिओ लहरींवर धावपट्टीपर्यंत येण्याचा अप्रोच.) १२० नॉट्स धरून पाच मैलांपर्यंत येईन असं कोणी म्हणालं की मला काय आनंद होतो म्हणून सांगू!

आणि हो, शहाणे, तक्रार जरूर करा. आमच्या सुपरवायझरला तेवढाच विरंगुळा.

सांजवारा

हिशेब पटला. पण मी जाते त्या विमानतळांवर ७३७ येतच नाहीत. तिथे का नाही म्हणतात?

स्कोप_डोप

कारण तुम्ही ज्याच्याशी बोलताय तो फक्त त्या विमानतळाचा नसतो. माणसं पुरेशी असली की चार सेक्टरला चार जण बसतात. कमी असली की दोन-दोन सेक्टर जोडून एकाच्या गळ्यात घालतात. मग एकच माणूस दोन फ्रिक्वेन्सी ऐकतो, एकीवरच्याला दुसरीवरचा ऐकू येत नाही, आणि दोघं एकदम बोलतात.

सरावाचं विमान जागा कमी घेतं, बोलणं फार खातं. कोड द्या, रडारवर ओळख पटवा, वळवा, उंची द्या, अप्रोचची परवानगी द्या, वर चढताना काय करायचं ते सांगा, टॉवरकडे पाठवा. पाच मिनिटांनी ते परत माझ्याकडे, पुन्हा पहिल्यापासून. ओलांडून जाणाऱ्या विमानाशी मी दोनदा बोलतो. सराववाल्याशी तासात किती वेळा बोलतो ते तुम्हीच मोजा.

व्हीएफआरमध्ये सराव करणाऱ्याला एरवीच्या १,००० फुटांऐवजी ५०० फुटांचं उभं अंतर चालतं, ही त्यातल्या त्यात सोय. पण ते अंतर राखायची जबाबदारी घेतली की ती पूर्ण घ्यावी लागते. ती नको असेल तेव्हा "नो सेपरेशन सर्व्हिसेस" म्हणतो. ते वाक्य ऐकून राग येऊ देऊ नका. त्याचा अर्थ मी तुम्हाला पूर्ण नाही म्हणत नाहीये.

देशभरात कंट्रोलर सुमारे ३,००० ने कमी आहेत. भरती ३१ वर्षांच्या आत, ५६ ला सक्तीची निवृत्ती, ओक्लाहोमा सिटीच्या अकॅडमीत गळती होते ती वेगळीच, आणि तिथून आल्यावर मोठ्या केंद्रात स्वतंत्रपणे बसायला बऱ्याच जणांना दोन-तीन वर्षं जातात. आठवड्याला सहा दिवस काम हे अनेक ठिकाणी रोजचंच झालंय. २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर सरकार बंद होतं तेव्हा आम्ही बिनपगारी बसलो होतो. नोव्हेंबरात ४० मोठ्या विमानतळांवरच्या उड्डाणांना कात्री लागली ते बातम्यांत आलं. त्याच आदेशात माणसं कमी असलेल्या केंद्रांमध्ये व्हीएफआर अप्रोच बंद ठेवायची मुभा होती आणि व्यावसायिक अवकाशयानंसुद्धा रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्याच वेळात सोडायची होती. म्हणजे सेसना आणि रॉकेट एकाच रांगेत!

अण्णा_शिकागो

स्कोप_डोप, मराठी उत्तम आहे, काळजी नसावी.

आमच्या वेळचं सांगतो. ३ ऑगस्ट १९८१ ला कंट्रोलरांच्या युनियनने संप केला, सुमारे १३,००० जण बाहेर पडले. रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि ५ तारखेला ११,००० हून जास्त लोकांना घरी पाठवलं. उरले ते सुपरवायझर, संपात न गेलेले आणि लष्करातून आणलेले. पुढची दोन वर्षं छोट्या विमानांना आयएफआरमध्ये जायचं तर आधी फोन करून आरक्षण घ्यावं लागे. त्या योजनेला 'गार' म्हणत, जनरल एव्हिएशन रिझर्व्हेशन. आरक्षण मिळालं तर फ्लाइट प्लॅन, नाहीतर घरी बसा. सराव वगैरे तर कोणी तोंडातून काढत नसे. आम्ही दूरच्या, टॉवर नसलेल्या पट्ट्यांवर जाऊन एनडीबीवर (जुन्या पद्धतीच्या रेडिओ बीकनवर) सराव करायचो, कोणाशी न बोलता. तेव्हाच्या आमच्या प्रशिक्षकाचं म्हणणं असे की ज्याला एनडीबी जमला त्याला काहीही जमेल. मला ते अजूनही पटत नाही, एनडीबी हा निव्वळ छळ होता.

एवढे लोक एका दिवसात काढले आणि नवे एकदम भरले, म्हणजे निवृत्तही एकदमच झाले. ती लाट पुढे वीस-पंचवीस वर्षांनी आली. आत्ताच्या टंचाईची एक मुळी तिथेही आहे.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे चाळीस वर्षांत एवढीच प्रगती की एनडीबी गेला?

(आणि तक्रारीचं मी मागे घेत नाही. फक्त पत्ता बदलतो. वॉशिंग्टनला पाठवा.)

टोमॅटो_फ्लेम

रच्याकने, नकाराचं एक कारण अजून कोणी सांगितलं नाही आणि ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर फार लागू आहे: वारा.

मॉन्टेरेचं उदाहरण घ्या. तिथला आयएलएस धावपट्टी १० उजवीचा, म्हणजे समुद्राकडून जमिनीकडे येताना. पण स्वच्छ दिवशी वारा समुद्रावरून वाहतो आणि सगळे २८ वापरतात, बरोबर उलट्या दिशेने. विद्यार्थ्याला आयएलएस हवा असतो, हवाही सुंदर असते, आणि तो मागतो तो अप्रोच सुटणाऱ्या विमानांच्या तोंडावर. ३१ जुलै २०१२ ला वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावर दिशा बदलण्याच्या गोंधळात उतरणारं विमान सुटणाऱ्या दोन विमानांच्या समोर आलं होतं. कोणाला काही झालं नाही, पण त्यानंतर एफएएने (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने) उलट्या दिशेच्या विमानांबाबतचे नियम आवळले. उलट दिशेने येणारं विमान अमुक अंतराच्या आत आलं की समोरून कोणी सोडायचं नाही, अशी रेघ प्रत्येक ठिकाणी आखलेली असते. एका सरावासाठी दहा मिनिटं सगळी सुटणारी विमानं थांबवून ठेवायला कोण तयार होईल?

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, आधी वारा बघा, कुठली धावपट्टी चालू आहे ते बघा, आणि त्या दिशेचाच अप्रोच मागा. आयएलएसचाच हट्ट नको. आरनॅव्हचा (उपग्रहांवरून वाट काढणारा) एलपीव्ही अप्रोच आयएलएससारखाच उतरतो, विमानतळावर यंत्रणा लागत नाही, देशात असे चार हजारांहून जास्त आहेत आणि डिसिजन अल्टिट्यूड (धावपट्टी दिसली नाही तर जिथून परत वर जायचं ती उंची) जमिनीपासून ३०० फूट किंवा त्याहून खाली असेल तर परीक्षेत प्रिसिजन अप्रोच म्हणून चालतो. अर्थात विमानात डब्ल्यूएएएस जीपीएस (उपग्रहांकडून दुरुस्ती घेणारा अचूक जीपीएस) हवा.

आता "कुठे जाता". पूर्वेकडे खोऱ्यात उतरा. मर्सेडच्या अलीकडे अ‍ॅटवॉटरला कॅसल आहे, हवाई दलाचा जुना तळ. सव्वादोन मैलांची धावपट्टी, आयएलएस, आणि सरावाची सवय असलेलं वातावरण. मोडेस्टो, मर्सेड, स्टॉकटन हेही बघा. जायला पाऊण तास जातो खरा, पण जाता-येता होल्डिंगचा, ट्रॅकिंगचा सराव होतो. मंगळवारी दुपारी आणि शनिवारी सकाळी जाण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शनिवारी सकाळी अख्खा बे एरिया तिथेच असतो.

नाशिकची_मिरची

मी अ‍ॅरिझोनात ट्रेनिंग करतेय, फिनिक्सजवळ. भारतातून आलेली आमची मोठीच बॅच आहे. इथे ढग शोधायला जावं लागतं, विद्यार्थी मात्र मोजता येणार नाहीत इतके. डीअर व्हॅली, फाल्कन फील्ड, गुडइयर, चँडलर, सगळीकडे शाळाच शाळा. एवढ्यांना अप्रोच कंट्रोलने सांभाळायचं म्हटलं तर त्यांनी एअरलाइनकडे बघायचं कधी?

म्हणून इथे एक भारी प्रकार चालतो, 'स्टॅनफिल्ड स्टॅक'. फिनिक्सच्या दक्षिणेला कासा ग्रँडे म्हणून विमानतळ आहे, टॉवर नाही, पण धावपट्टी ५ ला आयएलएस आहे. जवळच स्टॅनफिल्डचा व्हीओआर (विमानांना वाट दाखवणारं रेडिओ केंद्र). सराववाली विमानं त्या व्हीओआरवर एकावर एक थरांनी होल्डिंगमध्ये घिरट्या घालतात. कंट्रोलर कोणीच नाही. एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर प्रत्येक जण आपली उंची आणि आपण कुठे आहोत ते सांगतो. सगळ्यात खालचं विमान अप्रोचला निघालं की वरचे एकेक थर खाली उतरतात, नवीन येणारा वरून शिरतो. उलटी दहीहंडीच म्हणा, खालचा गोविंदा आधी निघून जातो. हे सगळं व्हीएफआरमध्ये, शाळांनी मिळून ठरवलेल्या पद्धतीने.

पहिल्यांदा गेले तेव्हा घाम फुटला होता. फॉगल्स घालून होल्डिंग सांभाळा, वरचे-खालचे कॉलसाइन लक्षात ठेवा, आणि प्रशिक्षक शेजारून "बोल, बोल, तुझी पाळी" करत असतो. आता आवडतं. पण एक तोटा आहे. खऱ्या कंट्रोलरकडून वेक्टर (कुठल्या दिशेला वळायचं त्या सूचना) घेण्याची, पटकन क्लिअरन्स वाचून दाखवण्याची सवय यात होत नाही. त्यासाठी कधीतरी मोठ्या फ्रिक्वेन्सीवर जावंच लागतं, आणि तिथे पुन्हा तेच, "अनेबल".

सांजवारा

दहीहंडी! हे मला माहीतच नव्हतं. आमच्याकडे टॉवर नसलेल्या ठिकाणी असं कोणाशी न बोलता अप्रोच करणं चालतं का?

टोमॅटो_फ्लेम

चालतं. हवा व्हीएफआर, नियंत्रित विमानतळाच्या हद्दीत किंवा क्लास ब्राव्हो-चार्लीमध्ये (मोठ्या विमानतळांभोवतीच्या नियंत्रित आकाशात) शिरायचं नाही, फॉगल्सवाल्याशेजारी सेफ्टी पायलट (बाहेर बघणारा दुसरा पायलट), एवढं असलं की परवानगी लागत नाही. बायरन, ट्रेसी, लॉस बानोस अशा ठिकाणी लोक करतातच. फक्त ढगांपासूनचं अंतर पाळणं तुमच्यावर.

पण रेडिओवर साध्या भाषेत बोला. अमुक फिक्सवरून (नकाशावरच्या नाव दिलेल्या बिंदूवरून) आत येतोय असं सांगितलंत तर पॅटर्नमध्ये (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या चौकोनी वाटेवर) फिरणाऱ्या नवशिक्याला त्यातलं काही कळत नाही. "पूर्वेला पाच मैल, सरळ धावपट्टीकडे, खाली उतरून मग वर जाणार" असं सांगा. आणि सरळ आत येणाऱ्याला पॅटर्नमधल्या विमानावर हक्क आहे असं समजू नका. १८ ऑगस्ट २०२२ ला वॉटसनव्हिलला एक वेगवान दोन इंजिनांचं सेसना सरळ आत येत होतं आणि एक छोटं सेसना १५२ पॅटर्नमध्ये होतं. धावपट्टीच्या जवळ दोघांची टक्कर झाली, तिघं गेले. तो सरावाचा अप्रोच नव्हता, पण टॉवर नसलेल्या ठिकाणी सरळ येणाऱ्या प्रत्येकाने ते प्रकरण वाचावं. सेफ्टी पायलटने मोबाइल खिशात ठेवावा, हे वेगळं सांगायला नको.

धावपट्टी

भारतातून लिहितोय, महाराष्ट्रातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवतो. तुमचं वाचून हेवा वाटला. नाही म्हणायला तरी तुमच्याकडे कोणीतरी फ्रिक्वेन्सीवर आहे!

आमच्या पट्टीवर आयएलएस नाही. इन्स्ट्रुमेंटचा खरा अप्रोच करायचा तर मोठ्या विमानतळावर जायचं, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरसारख्या. त्यासाठी फ्लाइट प्लॅन, हवाई दलाकडून एडीसी (हवाई संरक्षणाची मंजुरी), एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राचा) नंबर, हे सगळं आधी. तिथे पोचलं की शेड्यूल्ड विमानं पुढे, आपण होल्डिंगमध्ये. सकाळी आणि संध्याकाळी तर विचारूच नये. पुण्याला लोहगावचं नियंत्रण हवाई दलाकडे आणि प्रवासी विमानांची रांग मोठी, शिकाऊ विमानाला तिथे वाव कुठून असणार? सूर्य मावळला की व्हीएफआर बंद, त्यामुळे दिवसही आखूड. मग काय होतं, इन्स्ट्रुमेंटच्या ४० तासांपैकी २० पर्यंत सिम्युलेटरवर चालतात ते सगळे तिथेच भरतात, आणि उरलेल्या तासांत विद्यार्थी हूडखाली (फॉगल्ससारखाच प्रकार) सरळ रेषेत उडत राहतो. तास भरतात, अप्रोच मात्र मोजकेच होतात.

एक आशा आहे ती 'गगन'ची. टोमॅटो_फ्लेम म्हणतात तो एलपीव्ही आपल्याकडे गगनच्या उपग्रहांवर चालतो. एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोच्या एटीआरने राजस्थानात किशनगढला असा पहिला अप्रोच केला. विमानतळावर यंत्र लागत नाही, म्हणजे उद्या शाळांच्या पट्ट्यांनाही असे अप्रोच आखून देता येतील. आखून देणारे, मंजूर करणारे आणि ट्रेनर विमानात तसला जीपीएस बसवायला पैसे देणारे हवेत, एवढंच.

विलायती_वडापाव

इंग्लंडमध्ये प्रश्न सोपा केलाय: पैसे मोजा. सरावाच्या अप्रोचसाठी आधी फोन करून स्लॉट घ्यायचा आणि प्रत्येक अप्रोचची फी वेगळी, उतरलात तर लँडिंगची निराळी. स्लॉटला दहा मिनिटं उशीर झाला की गेला. आमच्या क्लबात लोक अमेरिकेत जाऊन रेटिंग करून येतात ते उगाच नाही. तिकडे फुकट "नाही" ऐकायला मिळतं, इकडे "हो"चे पैसे.

परड्यातला_पेरू

अडाणी प्रश्न. धावपट्टी म्हणतात तसं सिम्युलेटरवरच का नाही करत सगळं? विमान नको, कंट्रोलर नको, अडीचशे डॉलर नको.

टोमॅटो_फ्लेम

अडाणी अजिबात नाही. इथेही काही तास चालतात. एफएएने मान्य केलेलं साधं यंत्र असेल तर रेटिंगसाठी १०, प्रगत असेल तर २०. आणि रेटिंग झाल्यानंतरचे सहा महिन्यांतले सहा अप्रोच तर २०१८ च्या बदलानंतर पूर्णपणे अशा यंत्रावर करता येतात, प्रशिक्षक शेजारी नसला तरी. पद्धत पाठ करायला सिम्युलेटर विमानापेक्षा चांगला. थांबवता येतो, मागे नेता येतो. फक्त कानाला त्रास नाही, वाऱ्याचे धक्के नाहीत, आणि कोणी ऐन वेळी धावपट्टी बदलत नाही.

सांजवारा

माझा दुसरा प्रश्न राहिला. आयएफआर प्लॅन भरला तर?

स्कोप_डोप

प्लॅन भरून तेच चार-चार सराव मागितलेत तर फारसा फरक नाही. त्या परिच्छेदात आयएफआर सरावही धरलाय. उलट माझ्यासाठी महाग पडतं. ५०० ऐवजी १,००० फूट द्यावे लागतात, आणि टॉवर नसलेल्या विमानतळावर तुम्ही खाली उतरून प्लॅन बंद करेपर्यंत किंवा परत रडारवर येईपर्यंत मला तिथे दुसरं आयएफआर विमान सोडता येत नाही.

पण सराव न करता प्रवास करा की. एका विमानतळावरून निघा, दुसऱ्यावर अप्रोच करून उतरा, फुल स्टॉप. टॅक्सी करून परत धावपट्टीवर या, पुढचा प्लॅन उघडा. उतरायला येणारं विमान सरावाचं नसतं, ते एअरलाइनच्याच रांगेत बसतं. थोडं थांबवेन, वळवेन, पण "अनेबल" म्हणणार नाही. तुमचा २५० मैलांचा प्रवास तर असाच करा. उन्हाळ्यात सकाळी किनाऱ्यावर ढगांचा थर असतो, दीड-दोन हजार फुटांवर संपतो, बर्फाची भीती नाही. सॅलिनास, वॉटसनव्हिल, मॉन्टेरे. त्या दिवशी सगळेच आयएफआर असतात आणि वाराही शांत, त्यामुळे आयएलएस बरोबर दिशेला. अशा सकाळी फॉगल्सची गरजच नाही.

व्हीएफआरमध्येच मागायचं असेल तर एका दमात मागा. आधी नुसतं "व्हीएफआर रिक्वेस्ट" म्हणून हाक मारा, मी "बोला" म्हटलं की कुठे आहात, किती उंचीवर, कुठला अप्रोच, कसा संपणार आणि त्यानंतर काय. "कसा संपणार" हे आम्हाला दर वेळी विचारावं लागतं, ते आधीच सांगितलंत तर अर्धं काम झालं. आणि निघण्याआधी केंद्राच्या सुपरवायझरला फोन करून आज सराव घेताय का, किती वाजता बरं पडेल, असं विचारणारे फार थोडे असतात. त्यांना आम्ही नावाने ओळखतो.

अजून एक गुपित. आमच्याकडेही शिकाऊ असतात. शेजारी प्रशिक्षक घेऊन बसलेल्या नव्या कंट्रोलरला सराववाली विमानं हवीच असतात, त्याशिवाय तो शिकणार कशावर? दुपारी रहदारी मंदावली की आम्हीच म्हणतो, एखादी सेसना येऊ दे.

उंटावरचा_शहाणा

बरं. तक्रारीच्या पाकिटावर तिकीट अजून लावलेलं नाही.

सांजवारा

स्कोप_डोप, दंडवत. फुल स्टॉपचं डोक्यातच आलं नव्हतं. शेवटचं एक: फॉगल्स घालून फायनल अप्रोच फिक्सच्या (शेवटचा टप्पा सुरू होतो त्या बिंदूच्या) आत आले आणि कंट्रोलरने रहदारीमुळे वळवलं, तर तो अप्रोच लॉगबुकात सहामध्ये धरायचा का?

टोमॅटो_फ्लेम

एफएएने २०१५ मध्ये यावर एक पत्रक काढलंय. फॉगल्स घालून केलेला अप्रोच मोजायचा तर तो मिनिमम्सपर्यंत, म्हणजे एमडीए किंवा डीए या ठरवून दिलेल्या सगळ्यात खालच्या उंचीपर्यंत नेला पाहिजे. फायनल अप्रोच फिक्स ओलांडल्यावर सुरक्षिततेसाठी सोडावा लागला तर अपवाद आहे. खरोखर समोर विमान आलं म्हणून वळवलं असेल तर मी धरेन, आणि शेऱ्यात कारण लिहीन. नुसती रांग लांबली म्हणून फिक्सच्या अलीकडेच बाहेर काढलं असेल तर नाही. तो वेळ इन्स्ट्रुमेंटच्या तासांत लिहा, अप्रोचच्या रकान्यात नको. परीक्षक लॉगबुक उघडतो तेव्हा तोच रकाना आधी बघतो.